अफू, चहा आणि दुखणं

अनारसा खसखशीवरच थापायचा, याबद्दल मराठी घरात दुमत नाही. ज्या बोंडातून ही खसखस निघते, तेच बोंड हिरवं असताना त्याला चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. तो वाळून काळसर झाला की त्याला अफू म्हणतात. बोंड एकच. पिकलेलं बी दिवाळीच्या ताटात येतं आणि कच्चा चीक थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातो.

आपल्या घरात रोज येणारी दुसरी वनस्पती म्हणजे चहा. तिच्यात कॅफीन असतं, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परीक्षेच्या रात्री आपण ते मुद्दाम पितो.

या दोन वनस्पती आपल्या शरीरात एकमेकींना भेटतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अफूतलं मॉर्फीन दुखणं थांबवतं. त्यासाठी ते शरीरातल्याच अ‍ॅडेनोसिन नावाच्या एका रसायनाची थोडी मदत घेतं. चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं त्याच अ‍ॅडेनोसिनची वाट अडवतं. हे कळायला माणसाला शेकडो वर्षं लागली. मी फार्मसी शिकलो आणि छत्रपती संभाजीनगरात राहतो. औषधांचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं की या गोष्टीचे बरेच धागे माझ्या शहराच्या आसपासच सापडतात. म्हणून सुरुवात इथूनच करतो.

देवगिरीचे वैद्य

शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. आपण तिथे भुयारी अंधारी वाट आणि मेंढा तोफ बघायला जातो. तेराव्या शतकात यादवांच्या या राजधानीत वैद्यकावर गंभीर लेखन चालू होतं. यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्याला ‘हेमाडपंती’ देवळांमुळे माहीत असतो. पण वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, हे माहीत नसतं. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव वैद्याचा मुलगा होता. वडील केशव यांच्या ‘सिद्धमंत्र’ या औषधद्रव्यांवरच्या ग्रंथावर त्याने टीका लिहिली.

चरक आणि सुश्रुत यांच्या जुन्या संहितांत अफू नाही. ती भारतीय वैद्यकात मध्ययुगात आली, पश्चिमेकडच्या व्यापाराबरोबर आणि अरबी-फारसी वैद्यकाबरोबर. ‘अफू’ हा शब्दही त्याच वाटेने आला. ग्रीकमधला ‘ओपिऑन’ अरबीत ‘अफ्यून’ झाला, आणि संस्कृतात ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस. देवगिरीच्या वैभवाच्या काळाच्या आसपासच रचल्या गेलेल्या ‘शार्ङ्गधर संहिते’त हे अहिफेन स्पष्ट सापडतं. काही द्रव्यं आधी सगळ्या अंगात पसरतात आणि पचतात नंतर, असं एक निरीक्षण तिथे आहे, आणि त्याचं उदाहरण म्हणून भांगेबरोबर अफू दिली आहे. रक्ताभिसरण ठाऊक नसलेल्या काळातलं हे निरीक्षण आहे. अफू कुठल्या एका अवयवावर काम करत नाही, माणूस आतून पूर्ण व्यापते, एवढं त्या वैद्यांनी ओळखलं होतं.

पोस्ताचा पेला

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने तिला आपलं नाव दिलं. पुढे तो बादशहा झाला, आणि सत्तेच्या भांडणात हरलेल्या नातेवाइकांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला.

फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए तेव्हा मुघल दरबाराच्या आसपास होता. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलेल्या शाहजाद्यांना ‘पोस्त’ पाजलं जातं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. अफूची बोंडं कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी त्या पाण्याचा मोठा पेला कैद्यापुढे ठेवायचा. तो रिकामा होईपर्यंत जेवण नाही. हळूहळू माणूस वाळत जातो, बुद्धी मंदावते आणि महिन्यांनी तो मरतो. रक्त सांडत नाही, ठपका येत नाही. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह दरबारात उभा केला गेला, तेव्हा त्याने एकच विनंती केली : मला पोस्त देणार असाल तर आत्ताच मारून टाका. औरंगजेबाने तसं होणार नाही, असं वचन दिलं. १६६२ मध्ये सुलेमान ग्वाल्हेरच्या कैदेतच मेला. पोस्तानेच मेला, असं बर्निए सांगतो.

त्याच साम्राज्यात दुसरं एक पेयही रुळत होतं. इंग्रज वकील सर थॉमस रो याच्याबरोबर आलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो की इथले धर्माने कडक असलेले लोक दारूऐवजी कॉफी पितात. ती चवीपेक्षा गुणाने बरी, मनाला तरतरी देणारी. मोखा बंदरातली कॉफी सुरतेला उतरत होती. म्हणजे सतराव्या शतकात एक पेला डोकं बधिर करण्यासाठी होता आणि दुसरा ते जागं ठेवण्यासाठी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं अजून कुणाला वाटलं नव्हतं.

अफूच्या पैशाचं रुग्णालय

एकोणिसाव्या शतकात अफू हा मुंबईचा मोठा धंदा झाला. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. १८३० नंतर कंपनी सरकारने तिच्यावर परवान्याची रक्कम लावली आणि त्यातून मोठा महसूल मिळवला. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंनी संपत्ती कमावली. कापूसही होताच, पण अफूचा वाटा मोठा होता. १८४५ मध्ये त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पश्चिम भारतातलं आधुनिक वैद्यकाचं शिक्षण ज्या आवारात रुजलं, त्याच्या पायात अफूचा पैसा होता. ही गोष्ट मला जमशेटजींना दोष देण्यासाठी सांगायची नाही. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

चीनला जाणाऱ्या पेट्यांतली काही अफू इथेच राहायची. जुलाब, खोकला, सांधेदुखी, दातदुखी या सगळ्यांवर तेच घरगुती औषध होतं. इंग्लंडमधल्या अफूविरोधी लोकांच्या दबावामुळे १८९३ मध्ये सरकारने शाही अफू आयोग नेमला. त्याच्यापुढे आलेल्या अनेक साक्षीदारांनी हेच सांगितलं : गरिबाला डॉक्टर नाही, त्याला अफूच आहे. आयोगाने बंदीची शिफारस केली नाही. सरकारच्या महसुलाला ते सोयीचं होतं, पण साक्षीदारांचं म्हणणं निव्वळ खोटंही नव्हतं.

मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जाऊ लागल्या, तशी ‘बाळागोळी’ आली. कणभर अफू घातलेली गोळी बाळाला चाटवायची, की ते दिवसभर निजून राहायचं आणि आई बारा तास यंत्रावर उभी राहू शकायची. १९२० च्या दशकात मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ही सवय किती सर्रास आहे ते नोंदलं गेलं. काही बाळं त्या झोपेतून उठायचीच नाहीत.

“कॉफी पाजा, चालवत ठेवा”

अफू जास्त झाली तर काय करायचं? त्या काळातल्या डॉक्टरांकडे याचं एक ठरलेलं उत्तर होतं. ब्रिटिश भारतात अफू हे आत्महत्येचं आणि खुनाचंही नेहमीचं विष होतं, त्यामुळे हा प्रसंग वारंवार यायचा. पोट धुवायचं, रुग्णाला दोन माणसांच्या आधाराने सतत चालवत ठेवायचं, झोपू द्यायचं नाही आणि कडक कॉफी पाजायची. पिता येत नसेल तर ती गुदद्वारातून द्यायची.

कॉफीने अफूचं विष उतरत नाही. अफू जास्त झाली की श्वास मंदावतो आणि थांबतो. आजचं खरं उतारा-औषध नॅलोक्सोन आहे, ते १९६० च्या दशकात आलं. पण कॉफी देणारे ते डॉक्टर अगदीच चुकीच्या दारावर थाप मारत नव्हते. कॅफीन श्वासाच्या केंद्राला थोडं उत्तेजन देतं. अफू जिथे झोपवते, तिथे कॉफी उठवते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

का ते कळण्यासाठी आधी दोन्ही वनस्पतींतला नेमका पदार्थ हाती यायला हवा होता. तो जर्मनीत आला. पाडरबोर्न गावात औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नरने १८०५ च्या सुमाराला अफूतून एक स्फटिक वेगळा काढला. पुढे त्याने तो स्वतःवर आणि तीन तरुणांवर करून पाहिला. चौघांना इतकं विष चढलं की शेवटी व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या. ग्रीकांच्या स्वप्नदेवावरून त्या स्फटिकाचं नाव मॉर्फीन पडलं. १८१९ मध्ये कवी ग्योटे यांनी फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या थोड्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. त्याने कॅफीन शोधलं. पंधरा वर्षांच्या अंतराने दोन्ही पदार्थ बाटलीत आले. मधला तिसरा पदार्थ सापडायला मात्र आणखी शतक जावं लागलं.

एसटीच्या सीटवरचा रुमाल

१९२९ मध्ये केंब्रिजमध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांनी हृदयाच्या स्नायूचा अर्क प्राण्यांना टोचला, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले. त्या अर्कातला कामाचा पदार्थ अ‍ॅडेनोसिनच्या कुळातला होता. आजही हृदयाची एक विशिष्ट प्रकारची धडधड थांबवण्यासाठी अतिदक्षता विभागात अ‍ॅडेनोसिनचंच इंजेक्शन देतात.

अ‍ॅडेनोसिन शरीरात कुठून येतं? पेशींचं चलन म्हणजे एटीपी. ते खर्चून मोडत गेलं की सरतेशेवटी हातात येणारी चिल्लर म्हणजे अ‍ॅडेनोसिन. दिवसभर मेंदू राबतो तसं ते साचत जातं आणि ‘आता पुरे’ असा निरोप देतं. हा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या जागांना रिसेप्टर म्हणतात. १९७० मध्ये सॅटिन आणि रॉल यांनी मेंदूच्या पातळ कापांवर दाखवलं की अ‍ॅडेनोसिनचं काम कॅफीन आणि चहातलं थिओफिलिन अडवतात.

एसटीत गर्दी असली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. सीट अडते, प्रवासी मात्र नसतो. कॅफीन हा तसा रुमाल आहे. अ‍ॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर ते बसतं, निरोप मात्र देत नाही. त्यामुळे थकवा गेलेला नसतो, फक्त त्याची बातमी पोचलेली नसते.

आता मॉर्फीनकडे येऊ. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य औषधांचे रिसेप्टर दाखवले. त्याच वर्षी हो, लोह आणि वे या संशोधकांनी उंदरांना सायक्लिक एएमपी दिलं. हेही अ‍ॅडेनोसिनच्याच घराण्यातलं, पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन. ते दिल्यावर मॉर्फीनचा वेदनाशामक परिणाम कमी झाला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये कोलिअर आणि रॉय यांनी उलट बाजू दाखवली : उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मॉर्फीन सायक्लिक एएमपी तयार होण्यालाच आवर घालतं. १९७५ मध्ये अमेरिकेत शैल शर्मा, वर्नर क्ली आणि नोबेलविजेते मार्शल निरेनबर्ग यांनी व्यसनाचं कोडं पेशीच्या पातळीवर मांडलं. मॉर्फीन रोज ब्रेक दाबतं. पेशी हुशार, ती हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर वाढवते. म्हणून तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवावा लागतो. आणि औषध अचानक बंद झालं की ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबलेला असतो : घाम, थरथर, जुलाब, तळमळ. आपण ज्याला अफूबाजाची ‘तलफ’ म्हणतो, तिच्या मुळाशी पेशीतला हा हिशेब आहे.

याच सुमाराला कोलिअरच्या प्रयोगशाळेत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. कधीही मॉर्फीन न दिलेल्या उंदरांना कॅफीनच्या कुळातली औषधं आणि नॅलोक्सोन एकत्र दिली, तर ते व्यसन तुटल्यासारखे वागू लागले. अफू आणि चहा एकाच यंत्राची दोन टोकं ओढत आहेत, याचा इतका सरळ पुरावा आधी मिळाला नव्हता.

मग कॅनडात खेम झमनदास आणि याना सॉयनोक यांनी हा धागा पुढे नेला. मॉर्फीन आणि अ‍ॅडेनोसिन दोन्ही मज्जातंतूंतून बाहेर पडणारे निरोप थोपवतात आणि थिओफिलिन दोघांनाही अडवतं, हे त्यांनी १९७६ मध्ये दाखवलं. १९८० च्या दशकात प्रश्न मज्जारज्जूपर्यंत आला. बोटाला चटका बसला की त्याची बातमी मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचते आणि तिथून मेंदूकडे जाते. मॉर्फीन या टप्प्यावर अ‍ॅडेनोसिन सोडायला लावतं, आणि ते अ‍ॅडेनोसिन बातमीचा आवाज कमी करतं. उंदरांच्या मज्जारज्जूत थिओफिलिन टोचलं की तिथल्या मॉर्फीनचा परिणाम घटतो. म्हणजे मॉर्फीन एकटं काम करत नाही. दुखणं दाबण्याची शरीराची स्वतःची जी व्यवस्था आहे, तिला ते हाताशी धरतं.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मॉर्फीनकडे बाहेरून आलेली गुंगी म्हणून पाहिलं जातं. खरं दुखणं सोसलं पाहिजे आणि औषध म्हणजे पळवाट, असा एक सूर असतो. प्रयोगशाळेतला पुरावा वेगळं सांगतो. कुलूप आपलंच आहे आणि बिजागऱ्याही आपल्याच. किल्ली तेवढी बोंडातून आली.

मग चहा सोडायचा का?

हा प्रश्न येणारच. उत्तर : यासाठी तरी नाही.

वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि औषध थेट मज्जारज्जूत टोचलेलं आहे. घोटभर चहा ही वेगळी गोष्ट आहे. माणसाच्या बाबतीत कॅफीनचा हिशेब दोन्ही बाजूंनी लागतो. सॅरिडॉनसारख्या डोकेदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन मुद्दाम घातलेलं असतं. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा साध्या वेदनाशामकाबरोबर १०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅफीन दिल्यास चांगला आराम मिळणाऱ्यांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं. अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर एकाच प्रकारचे नसतात. काही वेदना दाबतात, काही ती वाढवतात. रुमाल कुठल्या सीटवर पडला, यावर सगळं अवलंबून.

उलट बाजूने, अ‍ॅडेनोसिनच औषध म्हणून द्यावं, असाही प्रयत्न झाला. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी सलाईनमधून अ‍ॅडेनोसिन दिलेल्या रुग्णांना नंतर कमी वेदनाशामक लागलं. नंतरच्या मोठ्या चाचणीत तो फायदा टिकला नाही. अमेरिकेत जेम्स आयझेनाख यांच्या गटाने ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात देऊन पाहिलं. साध्या तीव्र वेदनेवर विशेष फरक पडला नाही, पण मज्जातंतूंना इजा होऊन कापडाचा स्पर्शही सहन होत नाही असं जे हुळहुळेपण येतं, ते कमी झालं. थोडक्यात, मॉर्फीनची जागा घेईल असं काही या वाटेवर अजून सापडलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र डॉक्टर चहाबद्दल नक्की विचारतात. हृदयाच्या काही तपासण्यांत अ‍ॅडेनोसिन देतात. त्याआधी बारा ते चोवीस तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. पथ्य म्हटलं की तेल-तूप आठवणाऱ्या आपल्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं. पण ते काटेकोर शास्त्र आहे : सीट मोकळी हवी.

चिठ्ठी परत येते

इथपर्यंतचा इतिहास शोधांचा होता. आता जो भाग येतो, त्यात शोध काहीच नाही.

१९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. आपण त्याला एनडीपीएस म्हणून ओळखतो. तस्करी रोखणं हा त्याचा हेतू. पण किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम, एकेका खरेदीसाठी अनेक खात्यांचे परवाने आणि नोंदवहीतल्या चुकीचीही भीती, या सगळ्यामुळे औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. आणि याच काळात भारत जगाला कायदेशीर अफू पुरवत होता. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने ती पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. परदेशी रुग्णांचं दुखणं आपल्या बोंडांनी थांबत होतं.

एका वर्षाच्या फरकाने घडलेल्या दोन गोष्टी बघा. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी मार्गदर्शिका काढली : तीव्र वेदनेला तोंडाने मॉर्फीन द्या, घड्याळ बघून द्या, दुखण्याची वाट पाहू नका. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. आणि कायद्याने दार लावलं होतं ते आदल्याच वर्षी.

आमच्या घरात ही गोष्ट २००९ मध्ये आली. माझे मोठे मामा जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायचे. तंबाखू मळायची सवय होती. तोंडाचा कॅन्सर झाला, उपचार थांबले आणि मामांना घरी आणलं. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चिठ्ठी घेऊन मी तालुक्याच्या गावातली सगळी मेडिकल फिरलो. “ते आम्ही ठेवत नाही,” हे उत्तर प्रत्येकाने खाली मान घालून दिलं. एकाने चिठ्ठी परत देताना इकडेतिकडे बघितलं. मामांना शेवटपर्यंत मिळाल्या त्या सौम्य गोळ्या, ज्यांनी दुखणं तासभर कमी व्हायचं. ते रात्री भिंतीला डोकं टेकवून बसायचे.

आजी तेव्हा पंच्याऐंशीची होती. तिने मला विचारलं, “आमच्या येळंला लेकराला दात यायचे तर मव्हरीएवढी अफू चाटवायचे. आन् आता मरणाऱ्या मानसाला देईनात व्हय?”

मी तिला कायदा समजावून सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. तिच्या एका प्रश्नात शंभर वर्षांचा इतिहास होता. ज्याला कधीच द्यायला नको होती, त्या तान्ह्या बाळाला ती मिळत होती. ज्याला हवी, त्याला मिळत नव्हती.

भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांनी अफूजन्य गोळ्या साध्या दुखण्यांसाठीही खपवल्या आणि त्यातून लाखो माणसं मेली. व्यसनाने घरं उद्ध्वस्त होणं आपल्याकडेही नवं नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरचा हिशेब खोटा नाही. म्हणूनच मॉर्फीन जाणकार डॉक्टरच्या हातात, मोजून आणि नोंद ठेवून द्यायचं असतं. पण ‘मोजून द्या’ याचा अर्थ ‘देऊच नका’ असा होत नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने हिशेब मांडला. भारतात गरजू रुग्णामागे वर्षाला सरासरी ४३ मिलिग्रॅम मॉर्फीनएवढं औषध उपलब्ध होतं. गरजेच्या ४ टक्के. कॅनडात तोच आकडा ६८ हजार होता. त्यांच्याकडे पूर, आपल्याकडे दुष्काळ. मराठवाड्याच्या माणसाला ही भाषा लगेच कळावी.

केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशकं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली गेली. मान्यताप्राप्त रुग्णालयाला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. दरम्यान २०१२ मध्ये आमच्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. मराठवाड्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण तिथे येतात. बाहेर नातेवाईक चहाच्या टपरीवर बसलेले असतात, त्यातल्या अनेकांना मुंबई गाठणं परवडलं नसतं.

कायदा बदलला, तरी भीती लगेच जात नाही. ती औषधविक्रेत्यांत आहे, डॉक्टरांत आहे आणि सगळ्यात जास्त घरात आहे. “मॉर्फीन म्हणजे आता शेवटच,” किंवा “सवय लागेल,” असं आपणच म्हणतो. ज्याच्याकडे सहा महिने उरले आहेत, त्याला सवय लागण्याची चिंता आपण करतो. मॉर्फीन नीट दिलं तर माणूस निपचित पडून राहतो असं नाही; पुष्कळदा तो खाटेवर उठून बसतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी रेचक सोबत द्यावं लागतं. हेही चिठ्ठीत लिहून घ्यायचं.

फार्मसीत मला अ‍ॅडेनोसिनची रचना पाठ होती. षटकोन, पंचकोन, खाली साखरेचं कडं. अजूनही कागदावर काढून दाखवेन. मामांच्या वेळी ती काही कामाला आली नाही. कामाला आली असती ती दोन-तीन साधी वाक्यं, जी आज मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुमच्या माणसाला कॅन्सर असेल आणि दुखणं असह्य असेल, तर डॉक्टरांना ‘पॅलिएटिव्ह केअर’ कुठे मिळेल, ते नाव घेऊन विचारा. मॉर्फीन तुमच्या जिल्ह्यात कुठल्या रुग्णालयात मिळतं, ते विचारा. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध मागणं गुन्हा नाही, त्यासाठी इकडेतिकडे बघायचं कारण नाही. आणि रुग्ण चहा मागत असेल, तर द्या.